पाय तयार, मन पडवीतच

पक्षाघातानंतर लोकांना पुन्हा चालतं करणं हे माझं फिजिओथेरपिस्टचं रोजचं काम. पावसाळा तोंडावर आला की पत्रांमधून त्याच त्या शंका येतात. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देतो.

वडिलांची डावी बाजू लुळी पडली आहे. काठी डाव्या हातात द्यावी, असं शेजारी सांगतात. (मालवण)

उजव्या हातात. चप्पल घालून ताठ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. उंची एकदा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या, शेजाऱ्यांकडून नको.

कबुतराचं रक्त चोळून पंधरा दिवसांत चालवतो, असं एक गृहस्थ म्हणतात. न्यावं का? (गुहागर)

नको. सुरुवातीच्या आठवड्यांत मेंदू आपणहून बराच सावरतो, आणि त्याचं श्रेय हे गृहस्थ खिशात घालतात. घरच्या तेलाने हलकं मालिश करायला हरकत नाही, पण लुळा हात ओढू नका, खांदा निखळतो. आणि मालिश झालं म्हणजे व्यायाम झाला, असं समजू नका.

आईला पक्षाघात होऊन पाच महिने झाले. पायात ताकद आहे, असं तपासणीत सांगितलं. घरात ती भिंत धरून चालते, पण पडवीच्या खाली उतरत नाही. आम्हालाही भीती वाटते, म्हणून कोणीतरी सतत तिचा दंड धरून असतं. (दापोली)

ही तक्रार मी सर्वात जास्त ऐकतो, आणि निम्मा दोष घरच्यांचा असतो. "बस गो, पडशील" हे दिवसातून दहा वेळा ऐकलेली बाई उठेल कशाला?

तोल किती आहे आणि तोलावर भरवसा किती आहे, या दोन निराळ्या गोष्टी, आणि आम्ही त्या निराळ्या मोजतो. तोलासाठी बर्ग चाचणी आहे: १४ कृती, ५६ गुण. भरवशासाठी १९९५ साली प्रसिद्ध झालेली १६ प्रसंगांची प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रसंगात तोल जाणार नाही याची किती टक्के खात्री वाटते, ते रुग्णाने सांगायचं. त्यातला शेवटचा प्रसंग बर्फाळलेल्या फुटपाथवर चालण्याचा. आपल्याकडे कुठला बर्फ? पण रुग्णाला बोलतं करायला मी शेवाळलेल्या पाखाडीबद्दल, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेबद्दल, विचारतो. घरात ऐंशी-नव्वद म्हणणारी माणसं तिथे थेट शून्यावर येतात. मग बसून राहतात, बसून स्नायू झिजतात आणि एक दिवस खरंच पडतात.

दंड धरणं आधी बंद करा. त्याने खांदा दुखावतो आणि आई तुमच्या तोलावर चालायला शिकते, स्वतःच्या नव्हे. दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभे राहा. हात कमरेपाशी तयार ठेवा, पण टेकवू नका. हे फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून बघा. मग आधी उंबरठा, नंतर पडवीपासून तुळशीपर्यंत, मग कोरडं खळं आणि शेवटी पाखाडीची एकच पायरी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. "जमेल, पण जरा भीती वाटते" असं ती म्हणेल तेच काम त्या दिवशी घ्या. पायात हवाई चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल हवी.

पाऊस लागला की पाखाडीवर सराव बंद. जांभ्यावरचं शेवाळ खराट्याने घासून काढा, ब्लीचिंग पावडर टाका, तरीही सराव पडवीतच करा. सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून आडवं असताना आणि उभं राहिल्यावर रक्तदाब मोजून घ्या. उठल्यावर चक्कर येत असेल तर ती निव्वळ भीती नव्हे.

याच्या उलट माणसंही असतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच राहत नाही आणि ती बिनधास्त निघतात. तुमच्या आईची इजा कोणत्या बाजूला आहे ते पत्रात नाही, म्हणून वरचं सगळं तपासणाऱ्याला दाखवूनच करा.

पाऊल घासतं. शिबिरात एकाने फ्री साइझ पट्टा दाखवला, 'आजच सवलत' म्हणाला. (देवगड)

फ्री साइझ असतो तो विकणाऱ्याच्या सोयीसाठी. संवेदना कमी असलेल्या पावलाला पट्टा काचला तर कळत नाही, जखम झाल्यावरच दिसते. कोणता पट्टा लागेल, की लागणारच नाही, हे तुमची चाल बघून ठरतं. माप देऊन बनवून घ्या आणि रोज रात्री पाऊल उजेडात तपासा.

मागच्या महिन्यात सकाळी यजमानांची जीभ जड झाली, पाय लटपटला. तासाभरात बरं वाटलं. तपासणीची तारीख आठवड्यावर होती म्हणून थांबलो. चाललं ना? (श्रीवर्धन)

नाही. आपोआप गेलेलं लक्षणही मोठ्या झटक्याची सूचना असू शकतं. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि आपल्याकडे त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. पुन्हा असं झालं तर तारीख बघू नका, मला पत्रही लिहू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा. हे वाचून झाल्यावर मागच्या महिन्यातला प्रकार आजच डॉक्टरांच्या कानावर घाला.