ग्राफिक्स कार्ड, पाणी आणि नागपूरचा मे महिना

प्रश्न : माझ्या संगणकात आरटीएक्स 3080 हे 10 जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. मे महिन्यात गेम खेळताना त्याचे तापमान 83 अंशांपर्यंत चढते आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. घरातल्या कूलरप्रमाणे कार्डालाही वॉटर कूलिंग बसवले, तर ते खोलीपेक्षा गार राहील का? संगणक मी स्वतः जोडला आहे, परंतु पाण्याचे काम कधी केलेले नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कूलरचे उदाहरण आपण दिलेत ते बरे झाले, कारण गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. कूलरच्या ताट्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषून घेते. म्हणूनच विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत कुचकामी ठरतो. संगणकातले पाणी मात्र बंद नळ्यांतून फिरते. ते चिपची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत, वाहून नेते आणि तिथले पंखे ती आपल्याच खोलीत सोडतात. खोली 38 अंशांवर असेल, तर पाणी त्याखाली येणार नाही आणि चिप तर त्याहूनही बरीच वर राहील. कार्ड 320 वॉट वीज खाते, तेवढी उष्णता हवेने काढा वा पाण्याने, खोलीला सोसावीच लागते.

मग फायदा कशात आहे? उष्णता हवेत सोडणाऱ्या रेडिएटरच्या मोठ्या पृष्ठभागात. मिनिटाला 4 लिटर पाणी फिरत असेल, तर कार्डातून जाताना ते जेमतेम सव्वा अंशाने तापते. म्हणजे महागडा पंप घेऊन फारसे काही साधत नाही, पैसे रेडिएटरवर घालावेत. या एका कार्डासाठी 360 मिलिमीटरचा रेडिएटर घेतला, तर पंखे सावकाश फिरवूनही काम भागते. प्रोसेसरही त्याच फेऱ्यात घ्यायचा असेल, तर आणखी एक रेडिएटर जोडावा.

नवख्यांची खरी फसगत होते ती ब्लॉक, म्हणजे चिपवर बसणारा आणि आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा, घेताना. 3080 नावाची कार्डे अनेक कंपन्यांची असतात आणि त्यांचे सर्किट बोर्ड एकसारखे नसतात, म्हणून ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत आपल्या कार्डाचे नेमके मॉडेल आहे का, हे आधी तपासावे. मेमरीवर लावायचे थर्मल पॅड, म्हणजे उष्णता ब्लॉककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या, ब्लॉकच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचेच हवेत. अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड लावला, तर ब्लॉक चिपवर नीट टेकत नाही आणि एवढा खटाटोप करून तापमान उलट वाढते. ब्लॉक तांब्याचा असेल, तर ॲल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये, कारण एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम झिजू लागते. नळाचे पाणी तर नकोच, आरओचेही नको. या कामासाठी तयार मिळणारे द्रव, म्हणजे कूलंट, घ्यावे.

तरीही आपण लगेच खरेदीला निघू नये, असे माझे मत आहे. या चिपची कमाल मर्यादा 93 अंश आहे, त्यामुळे 83 ही धोक्याची पातळी नव्हे. आधी धूळ काढावी आणि सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा 80 टक्क्यांवर आणून पाहावी. वेग थोडासाच घटतो, पण 60-65 वॉट वाचतात आणि खोलीही तेवढी कमी तापते, जे पाण्याने कधीच साधणार नाही. इतके करूनही आवाज सहन होत नसेल, तरच पाण्याकडे वळावे.

तसे ठरलेच, तर पहिल्या दिवशी फक्त पंपाला वीज द्यावी. त्यासाठी पॉवर सप्लायची 24 पिनांची केबल मदरबोर्डातून काढून तिला जंपर, म्हणजे मदरबोर्डाशिवाय सप्लाय सुरू करणारा छोटा जोड, लावावा. पंप कोरडा चालवू नये. पंपाला द्रव पुरवणाऱ्या टाकीत कूलंट भरत राहावे. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून निदान 24 तास फेरा चालू द्यावा. माझ्या पहिल्या जोडणीत चार तास सारे कोरडे होते, पाचव्या तासाला एका कागदावर रुपयाएवढा ओला डाग दिसला. फिटिंग उघडले, तर आतली रबरी रिंग खाचेतून सरकून चिमटली होती.