वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनींचं रोजचं जगणं दाखवणारा एखादा माहितीपट सुचवाल का?

आधी 'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज' (2011) बघा. बिलीन गावचा शेतकरी इमाद बुर्नात. 2005 मध्ये चौथा मुलगा झाला म्हणून त्यानं कॅमेरा घेतला. आपण बारशाला घेतो तसाच, घरगुती हौसेचा. त्याच सुमारास गावच्या शेतजमिनीतून इस्रायलचं कुंपण जाऊ लागलं आणि कॅमेरा घराबाहेर पडला. पुढच्या काही वर्षांत एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. एकानं तर त्याला लागणारी गोळी झेलली! मोडका कॅमेरा हीच इथे प्रकरणांची विभागणी. मुलगा मोठा होताना दिसतो, तसतसे ऑलिव्हच्या झाडांचे आणि माणसांचे हालही दिसतात. सहदिग्दर्शक गाय डेव्हिडी इस्रायली आहे.

मग 'नो अदर लँड' (2024). मसाफेर यट्टा हा दक्षिण हेब्रॉनकडचा डोंगराळ भाग 1980 च्या दशकात लष्करी सरावक्षेत्र ठरला आणि 2022 मध्ये तिथल्या लोकांना हटवायला इस्रायली सर्वोच्च न्यायालयानं वाट मोकळी केली. त्यात विहिरीत काँक्रीट ओततात तो प्रसंग आहे. बुलडोझरपेक्षा मला तोच जास्त लागला; दुष्काळी गावातून आलोय म्हणून असेल. तिथलाच पॅलेस्टिनी बासेल आद्रा आणि इस्रायली पत्रकार युवाल अब्राहम हे दोघे मित्र, पण युवाल पिवळ्या, म्हणजे इस्रायली नंबरप्लेटच्या गाडीतून मोकळा फिरतो, बासेलला वेस्ट बँकबाहेर मोकळेपणी जाता येत नाही. 2025 मध्ये ऑस्कर मिळालं.

वेळ एकाचाच असेल तर पहिला.