रात्री अडीचला जाग येते, मग झोपच लागत नाही

प्रश्न : ताई, मी साताऱ्याचा. तीस वर्षे एसटीत चालक होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मुक्कामाच्या गाडीत बाकावर आडवा झालो तरी डोळा लागायचा. आता घरी गादीवर झोप येत नाही. दुपारी जेवून दीडला झोपतो तो चारला उठतो. रात्री साडेआठला टीव्हीसमोर डुलक्या येतात, साडेनऊला अंथरुणावर जातो आणि अडीचला टक्क जाग येते. मग तंबाखूची चिमूट लावून उजाडेपर्यंत पडून राहतो. घोरण्यामुळे पत्नी दुसऱ्या खोलीत झोपते. एका मित्राने झोपेच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या मी अधूनमधून घेतो. त्या रोज घ्याव्यात का? घरात आपली अडगळ झाली आहे, असे वाटत राहते.

उत्तर : नमस्कार. आपल्या पत्रातल्या वेळा मी कागदावर मांडल्या. रात्री साडेनऊ ते अडीच हे पाच तास, दुपारचे अडीच तास आणि टीव्हीसमोरच्या डुलक्या धरल्या, तर आपण दिवसाकाठी आठ तासांच्या आसपास झोपता. प्रौढांना साधारणपणे सात ते नऊ तास झोप लागते आणि पासष्टीनंतर सात ते आठ तास पुरेसे मानले जातात. म्हणजे आपली झोप कमी झालेली नसून ती दिवसभरात विखुरली आहे, आणि त्यामुळेच ही अडचण गोळीशिवाय सुटण्याची चांगली शक्यता मला दिसते.

आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेची ओढ वाढत जाते. झोप घेतली की तो साठा ओसरतो. दुपारी अडीच तास झोपणे म्हणजे पंगतीला बसण्याआधी फरसाणावर पोट भरून घेण्यासारखे आहे. याच्या जोडीला शरीराचे एक आतले घड्याळ असते आणि ते मुख्यतः सकाळच्या उजेडाने जुळते. वय वाढते तसे ते थोडे पुढे सरकते, संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. गाढ झोपेचा भागही कमी होतो, त्यामुळे रात्री एकदोनदा जाग येण्यात गैर काहीच नाही. नोकरीत आपली ड्युटी पाळीप्रमाणे बदलायची, झोप मिळेल तेव्हा घ्यावी लागायची आणि तेव्हा तेच योग्य होते. आता मात्र शरीराला उठण्याची एकच ठरलेली वेळ द्यायला हवी.

ती वेळ पहाटे साडेपाचची ठेवा. रात्र कशीही गेली, रविवार असला, घरी पाहुणे असले, तरी साडेपाचला अंथरूण सोडायचे आणि तासाभरात मोकळ्या उजेडात बाहेर पडायचे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर पहाटे चालणाऱ्यांची वर्दळ असते. गुडघे चढ मानत नसतील, तर सपाट रस्त्याने चाला. आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालणे, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचेही व्यायाम, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. अनेक वर्षे चालकाच्या आसनावर बसून काढलेल्या कमरेला आणि पायांना याची विशेष गरज आहे.

दुपारी तीनच्या आत, गजर लावून, जास्तीत जास्त अर्धा तास पडा. रात्री साडेदहाच्या आधी अंथरुणाला पाठ लावू नका. साडेआठला पेंग येऊ लागली की टीव्हीसमोरून उठून अंगणात किंवा गल्लीत फेरी मारा. अडीचला जाग आली आणि अंदाजे वीस मिनिटांत पुन्हा डोळा लागला नाही, तर तळमळत न राहता दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, घड्याळ आणि मोबाइल दूर ठेवा आणि पापण्या जड झाल्यावरच परत या. अंथरुणावर तासन्‌तास जागे राहिल्याने मेंदू अंथरुणाची सांगड जागरणाशी घालतो, ती या उपायाने सुटत जाते. पहिला आठवडा कठीण जाईल आणि दिवसा डोळे मिटतील. त्या दिवसांत गाडी, अगदी दुचाकीही, चालवू नका. थकलेल्या डोळ्यांनी रस्त्यावर काय होते, हे आपल्याला मी सांगायला नको.

रात्रीची तंबाखूची चिमूट मात्र पूर्ण बंद व्हायला हवी, कारण निकोटिन मेंदूला जागवते. तिचे बाकीचे धोके आपण जाणताच. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाचेक तासांनंतरही शरीरात असतो, म्हणून शेवटचा चहा तीन-चारच्या सुमारास घ्या.

गोळ्यांविषयी मी स्पष्ट लिहिते. दुसऱ्याला लिहून दिलेली झोपेची गोळी घेऊ नका. अल्प्राझोलामसारखी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, आणि त्यामागे कारण आहे. या गोळ्यांची सवय लागते, स्मरणशक्ती मंदावते आणि रात्री लघवीला उठताना तोल जातो. उतारवयात मांडीचे हाड मोडले, तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळू शकतो. मात्र त्या जवळजवळ रोज घेत असाल, तर एकदम थांबवू नका. डॉक्टरांना खरे सांगून त्यांच्या देखरेखीखाली कमी करा.

आपल्याला घोरण्याची बाब किरकोळ वाटली असावी. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. झोपेत आपला श्वास मध्येच थांबतो का, गुदमरून दचकता का, हे वहिनींना विचारा. तसे होत असेल, तर तो स्लीप अॅप्नियाचा आजार असू शकतो. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि झोपेच्या गोळ्यांनी तो आणखी बिघडू शकतो. त्याची तपासणी होते आणि उपचारही आहेत. रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागत असेल, तर साखर आणि प्रोस्टेटचीही तपासणी करून घ्या.

आता अडगळीविषयी. इतकी वर्षे आपण वेळेवर पोहोचण्याची वाट गाडीभर माणसे पाहत होती, आणि आज सकाळी आपल्यासाठी कोणीच थांबलेले नाही. याचे दुःख खरे आहे आणि ते झोपेपेक्षा वेगळे काढता येणार नाही. म्हणून केवळ वेळ घालवणारा छंद मी सुचवत नाही. ज्यात ठरलेल्या वेळी कोणाला तरी आपली गरज भासेल, असे काम घ्या. नातवंड असेल, तर त्याला शाळेत सोडणे-आणणे. नसेल, तर मंडईतून भाजी आणून निवडून देणे. वहिनी अजून निवृत्त झालेल्या नाहीत, हे लक्षात घ्या आणि त्यांच्या कामांतले एक कायमचे आपल्याकडे घ्या. कोणते घ्यावे, हे मात्र त्यांनाच ठरवू द्या.

मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिले, जेवणावरची वासना गेली, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वेळ न दवडता डॉक्टरांना भेटा. शासनाच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

आजपासून एका वहीत झोपण्याच्या आणि उठण्याच्या वेळा, दुपारची झोप, चहा, तंबाखू आणि घेतलेली गोळी यांची रोज नोंद ठेवा. घोरण्यासाठी डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा आणि वहिनींना बरोबर न्या, कारण झोपेत काय होते, हे त्यांनाच सांगता येईल. चार आठवडे हा क्रम पाळूनही अडीचची जाग सुटली नाही, तर तीच वही दाखवून निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराविषयी, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याच्या उपचाराविषयी, विचारा. जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवला जातो.