लेपो या चपट्या माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला येतात, ते अंड्यातच ठरतं का? माशाच्या गर्भात डावं-उजवं होतं कसं?

डोळे अंड्यात सरकत नाहीत. म्हापशाच्या बाजारात दिसणाऱ्या लेपोचं पिल्लू जन्मतं तेव्हा दोन बाजूंना एकेक डोळा असतो. थायरॉइड संप्रेरक वाढलं की पुढे उजवा डोळा डावीकडे येतो.

पोटातलं डावं-उजवं मात्र गर्भातच ठरतं. झेब्राफिशचा गर्भ पारदर्शक, म्हणून त्यात हे छान दिसतं. शेपटीच्या टोकाशी द्रवाने भरलेली इवलीशी पोकळी तयार होते, तिला कुप्फर पिशवी म्हणतात. आतल्या पेशींचे केसासारखे तंतू गरगर फिरतात. पोकळीच्या पुढच्या भागात तंतू दाट असतात, त्यामुळे तिथे द्रव डावीकडे जास्त जोराने वाहतो. मग ‘साउथपॉ’ नावाचं जनुक फक्त डाव्या बाजूला सुरू होतं आणि साधारण २४ तासांत हृदयाची नळी डावीकडे वळते. तंतू लुळे पडले तर काही गर्भांत ती उजवीकडे जाते, काहींत मधोमध राहते. माणसातही अशा तंतूंच्या आनुवंशिक दोषात अवयव उलट्या बाजूला सापडतात, म्हणून मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो.

झेब्राफिश मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. उजाडताच अंडी घालतो. दुसऱ्या दिवशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारं हृदय जरूर बघा.