राग आवरला, ओटाही आवरला

“इंग्रजी शब्द पाठ आहेत, पण बोलायच्या वेळी एकही आठवत नाही. मला शिस्तच नाही, मॅडम.”

नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींकडून हे नेहमी ऐकू येतं. त्यातल्याच एकीची ही हकिगत. ओळख कळू नये म्हणून आणखी दोघा-तिघांचे तपशील तिच्यात मिसळले आहेत.

ती गोदामाच्या डिस्पॅच विभागात काम करायची. सुपरवायझरच्या जागेसाठीच्या मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर ती म्हणाली होती, ‘आय ॲम अ डिसिप्लिनरी पर्सन. आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह.’ समोरच्यांनी हसून विचारलं, ‘ॲन्ड नाऊ?’ तिथं ती जी गप्प झाली, ती शेवटपर्यंत.

‘यूज्ड टू गेट अप’ म्हणजे पूर्वी उठायचे, आता उठत नाही. पाचला उठायची सवय आहे असं म्हणायचं, तर ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह’. किंवा सरळ ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’, हे तर सगळ्यात बरं. ‘डिसिप्लिनरी’ हा शब्द कारवाईला लागतो, माणूस ‘डिसिप्लिन्ड’ असतो. ‘आय ॲम हॅबिच्युअल ऑफ’ तर म्हणूच नये. हॅबिच्युअल हे विशेषण बहुधा गुन्हेगाराच्या नाहीतर खोटारड्याच्या आधी लागतं.

हे समजायला 10 मिनिटं पुरली. ‘मला शिस्तच नाही’ हे मात्र तसंच राहिलं. एखादा शब्द न आठवणं ही एक घटना. तिच्यावरून अख्ख्या माणसावर शिक्का मारणं ही वेगळीच गोष्ट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस 1955 पासून जी विवेकनिष्ठ विचारपद्धती मांडत गेले, तिचा हा गाभा आहे, आणि माझं काम त्याच वाटेनं चालतं. पण शिक्का नुसत्या युक्तिवादानं पुसत नाही. पुरावा तिच्याच तोंडून यावा लागतो.

मी तिची वही मागितली. एका पानावर 40 शब्द होते: ऑर्गनाइज्ड, सिस्टिमॅटिक, मेथॉडिकल, टायडी, ऑर्डरली. बहुतेकांपुढे एकच अर्थ, ‘व्यवस्थित’. ‘नीट’ तेवढा लक्षात होता, कारण तो मराठीतल्या ‘नीट’सारखाच ऐकू येतो. एका खुंटीला दहा सदरे टांगल्यावर हवा तो पटकन हाताला लागणार कसा? जवळच्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी पाठ केले की ते एकमेकांना ढकलतात. हा दोष वहीच्या मांडणीचा होता.

“वही राहू दे,” मी म्हटलं. “आज सकाळपासून काय काय आवरलंस?”

“ओटा आवरला. माझं आवरलं.” थोडं थांबून, “भाऊ गाडीवरून बोलला, तेव्हा राग आवरला. आज संकष्टी, ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता, तो मोह आवरला.”

आम्ही एकाखाली एक लिहिलं. आय टायडीड अप द किचन. आय गॉट रेडी. आय केप्ट माय टेंपर. आय रेझिस्टेड द केक. मराठीत एकच क्रियापद, इंग्रजीत चार.

ती कागदाकडे बघत राहिली. “हे सगळं सेल्फ कंट्रोलमध्ये येतं?” मी उत्तर दिलं नाही. मग तिनंच पाचवं सांगितलं: रोज निघण्याआधी दिवसभराची चलनं क्रमानं लावून फाइल करते. ‘आय फाइल द डेज चलान्स बिफोर आय लीव्ह.’ एक शब्द चुकला नाही, आणि शिस्तीचं एकही विशेषण त्यात नव्हतं. मराठीनं घर आणि मन एकाच क्रियापदानं आवरायला शिकवलंय, ही गोष्ट मलाही त्या टेबलावरच नीट दिसली. तेव्हापासून या तक्रारीला मी यादीनं हात घालत नाही, क्रियापदानं घालते.

घरी करायचं ते असं. दिवसाला तीनच शब्द, आणि तिन्ही वेगवेगळ्या घरांतले: एक वेळेचा, एक वस्तूंचा, एक मनाचा. म्हणजे ‘पंक्च्युअल’, ‘टायडी’ आणि ‘पेशंट’ एका दिवशी चालतील. ‘टायडी’ आणि ‘ऑर्डरली’ यांच्यात आठवडा जाऊ द्यावा. प्रत्येकाचं वाक्य कालच्या दिवसातलं, त्यात एक वस्तू किंवा घड्याळातली वेळ हवीच. पानाच्या डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. इंग्रजी बाजू झाकून मोठ्यानं म्हणायचं, मगच हात काढायचा. नुसतं वाचून गेलं की सगळं येतंय असा भास होतो. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी. अडलं त्यावर टिंब द्यायचं. तीन टिंबं झाली तर वाक्य बदलायचं, शब्द घोकत बसायचं नाही.

आणखी दोन ठिकाणी घसरायला होतं. ‘स्ट्रिक्ट’ म्हटलं की ऐकणाऱ्याला दुसऱ्यावर चालवलेली कडक शिस्त वाटते, स्वतःची नव्हे. आणि ‘टाइमली’ येता येत नाही, ‘ऑन टाइम’ येतात. ‘इन टाइम’ म्हणजे गाडी सुटण्याच्या आत.

पुढच्या वेळेसाठी तिला ‘पाळणे’ दिलं. ती चार वाक्यं घेऊन आली. शब्द पाळण्याला ‘कीप’, मौन पाळण्याला ‘ऑब्झर्व्ह’, नियम पाळण्याला ‘फॉलो’, सगळं बरोबर. आईच्या पथ्यापुढे मात्र ‘कीप द डाएट’ होतं. तेवढं खोडून मी ‘स्टिक टू’ लिहिलं. तिनं शेजारी एक टिंब दिलं आणि पान उलटलं.