लॅपटॉपला दोन मॉनिटर एकदम जोडले की दुसरा १९२० × १०८० वरच का अडकतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लॅपटॉप विंडोजचा, त्याला यूएसबी-सीचा डॉक (एका केबलने लॅपटॉपला लागणारा, अनेक पोर्टचा डबा), आणि डॉकला दोन मॉनिटर: एक फोर-के (३८४० × २१६०), दुसरा २५६० × १४४०. कुठलाही एकच लावला तर चित्र पूर्ण रिझोल्यूशनचं येतं. दोन्ही लावले की धाकटा १९२० × १०८० च्या वर जात नाही, यादीत पुढचा पर्यायच दिसत नाही. केबल बदलून झाली, ड्रायव्हर दोनदा टाकून झाला.

केबल आणि ड्रायव्हर दोघांनाही सोडा आता. ‘एकेकटे नीट चालतात, एकत्र अडतात’ हे तुम्ही लिहिलंत, तिथंच अर्धं निदान झालं. मॉनिटर किंवा केबल खराब असती तर तो एकटा असतानाही रडला असता. इथं दोघांना काहीतरी वाटून घ्यावं लागतंय आणि ते दोघांना पुरत नाहीये. ते म्हणजे डॉक आणि लॅपटॉप यांना जोडणाऱ्या त्या एकुलत्या एका केबलमधून दर सेकंदाला जाऊ शकणारा डेटा.

हिशोब करून बघू, सोपा आहे. दर ठिपक्याला २४ बिट आणि ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं) धरलं, आणि प्रत्येक चित्राच्या कडेने जाणारा कोरा भागही मिळवला, तर फोर-के मॉनिटरला सेकंदाला सुमारे १२.८ गिगाबिट लागतात. २५६० × १४४० ला ५.८, आणि १९२० × १०८० ला ३.३. आता पुरवठा. यूएसबी-सीमधून चित्र डिस्प्लेपोर्ट नावाच्या पद्धतीने जातं. डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीत चार लेन (समांतर वाटा) असतात, प्रत्येकीत ५.४ गिगाबिट, म्हणजे एकूण २१.६. पण त्यातला पाचवा हिस्सा सिग्नलच्या एन्कोडिंगमध्येच जातो, चित्रासाठी उरतात १७.२८. फोर-के अधिक २५६० म्हणजे १८.६: मावत नाही. फोर-के अधिक १९२० म्हणजे १६.१: मावतं. तुमचा मॉनिटर नेमका १९२० × १०८० वरच का थांबतो, ते इथं कळतं. विंडोज उरलेल्या जागेत बसतील तेवढेच पर्याय दाखवतंय.

डॉकचं मॉडेल तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे तो १.२ चा असणार हा माझा अंदाज तुमच्या आकड्यांवरून बांधलेला आहे. तो ताडून बघायला पैसे लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, फोर-के मॉनिटर निवडा आणि त्याचा रिफ्रेश रेट ६० वरून ३० वर आणा. आता दुसऱ्या मॉनिटरच्या यादीत २५६० × १४४० उगवलं, तर दुखणं हेच. तिथंच एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा) किंवा १० बिट रंग (दर ठिपक्याला २४ ऐवजी ३० बिट) चालू आहे का तेही बघा. १० बिटला फोर-के एकटाच १६ गिगाबिट खातो, शेजाऱ्याला जवळजवळ काहीच उरत नाही.

मी स्वतः यात दोन संध्याकाळी घालवल्यात. माझे दोन्ही मॉनिटर २५६० × १४४० चे होते आणि दोन्ही मिळून १९२० × १०८० वर रुसून बसायचे. मीही आधी महागाची केबल आणली. शेवटी डॉकच्या माहितीपत्रकात, अगदी तळाशी, बारीक अक्षरात सापडलं: एक मॉनिटर असेल तर फोर-के ३० हर्ट्झ, दोन असतील तर १९२० × १०८०. खोक्यावर मात्र ठळक ‘फोर-के’! त्या डॉकने चारांपैकी दोन लेन वेगवान यूएसबीसाठी राखून ठेवल्या होत्या, म्हणजे चित्राला ८.६४ गिगाबिट. दोनदा ५.८ त्यात बसणार कसे? यूएसबी-सीच्या डॉकमध्ये ही काटकसर सर्रास असते. म्हणून डॉक घेताना खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका, दोन मॉनिटरसाठी वेगळी ओळ असते ती शोधा.

उपाय अगदी साधा निघाला: एक मॉनिटर डॉकमधून काढून थेट लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला लावला. दोन वाटा झाल्या, वाटणीचा प्रश्नच मिटला. तुम्हीही हेच करा, पण कुठला मॉनिटर कुठं लावायचा ते नीट ठरवा. लॅपटॉपचं एचडीएमआय जुनं, १.४ चं असेल तर त्यावर फोर-के ३० हर्ट्झनेच चालेल. २५६० × १४४० मात्र ६० हर्ट्झने आरामात चालतं. म्हणून धाकटा एचडीएमआयला आणि थोरला डॉकला. पोर्ट २.० चं असेल तर कसंही लावा.

लॅपटॉपला एचडीएमआयच नसेल तर दुसरं यूएसबी-सी पोर्ट बघा. मात्र प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून चित्र बाहेर पडतंच असं नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर पडतं. डॉक बदलायचाच झाला तर डिस्प्लेपोर्ट १.४ वाला घ्या, त्यात चारही लेन मिळाल्या तर चित्रासाठी २५.९२ गिगाबिट असतात आणि तुमचे १८.६ निवांत बसतील. फक्त लॅपटॉपचं पोर्टही १.४ चं हवं. नाहीतर नवा डॉक जुन्याच गतीने चालेल आणि तुम्ही परत इथं याल. डिस्प्लेलिंकचे डॉक वेगळ्या जातीचे: ते चित्र दाबून लहान करतात आणि साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतात. लिहिण्यावाचण्याच्या कामाला चांगले. पण ड्रायव्हर लागतो, प्रोसेसरवर भार येतो, आणि गेम खेळायचे असतील तर मी घेणार नाही.

लॅपटॉपचा स्वतःचा पडदा डॉकच्या वाटणीत येत नाही, त्यामुळे झाकण मिटून या हिशोबात काही वाचत नाही. मात्र ग्राफिक्स चिप किती पडदे चालवते त्या गणतीत तो येतो. इंटेलच्या बऱ्याच जुन्या चिपमध्ये ती मर्यादा तीन आहे. तुमचे तीनच होतात, चौथा आणलात तर काळाच राहील.

हे वाचणाऱ्या कुणाचा मॉनिटर एकटा असतानाही अडकत असेल, तर वरचं सगळं विसरा, तुमचं दुखणं वेगळं आहे. १०२४ × ७६८ सारखी जुनाट यादी दिसत असेल तर मॉनिटरची ओळख लॅपटॉपपर्यंत पोचत नाहीये. मधला व्हीजीए कन्व्हर्टर किंवा केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड दोन कॉम्प्युटरना वाटून देणारा डबा) काढून सरळ जोडून बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं नाव दिसलं तर तिथं मात्र खरोखर ड्रायव्हरच नाही. आणि विंडोज-पी दाबून ‘डुप्लिकेट’ चालू नाही ना ते बघा, कारण त्यात दोन्ही पडदे दोघांना जमेल त्या एकाच रिझोल्यूशनवर येतात.

आणि हो, चाचणी झाली की फोर-के मॉनिटर परत ६० हर्ट्झवर न्या. मी विसरलो होतो, आणि माउस अडखळतोय म्हणून आठवडाभर माउसलाच दोष देत बसलो होतो.