बीएडला विज्ञान मेथड (अध्यापन पद्धती) घेतली आहे, कॉलेजात आयसीटीचा (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाचा) फार आग्रह आहे. कोणकोणती सॉफ्टवेअर शिकू?

नावं सांगते, पण आधी जरा बोलू द्या. ‘आयसीटीचा आग्रह’ वाचलं आणि डोकंच फिरलं माझं.

आमच्या बीएडला आयसीटी म्हणजे पीपीटी, बास. पुस्तकातली आकृती स्कॅन करायची, बाण उडत येईल असं अ‍ॅनिमेशन टाकायचं, झालं तंत्रज्ञान. मला सराव पाठाला दहावीचं गुरुत्वाकर्षण मिळालं होतं, त्यातलं मुक्तपतन. शाळेत प्रोजेक्टर होता पण लाईटचा भरवसा नव्हता, आणि तसंही चेंडू पडताना स्लाईडवर दाखवून काय मिळणार, तो समोर पडतोच की. म्हणून मी भिंतीवर खडूने दर दहा सेंटीमीटरला रेघा मारल्या, एका मुलाला स्टुलावर चढवून चेंडू सोडायला लावला आणि फोनवर व्हिडिओ घेतला. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे दर तिसरी फ्रेम धरली की ०.१ सेकंद. व्हिडिओ लॅपटॉपवर घेऊन व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडला, त्यात कीबोर्डवरचं ई दाबलं की एकच फ्रेम पुढे सरकते. मुलं रेघा बघून आकडे सांगत होती, मी फळ्यावर लिहीत होते. साधारण ५, २०, ४४, ७८ सेंटीमीटर. मग वजाबाक्या करायला लावल्या तर ५, १५, २४, ३४, म्हणजे दर ०.१ सेकंदातली अंतरं जवळपास १:३:५:७. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून हेच काढलं होतं.

त्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, बाई, चेंडू पुसट लांबट दिसतोय, वरची कड धरू की खालची? यावर पाच-सहा जणांची जी जुंपली! अर्धा तास त्यातच गेला, मूल्यमापनाचे प्रश्न राहिले, टाचण कोलमडलं. राहू दे ना. मापनातली त्रुटी म्हणजे काय हे त्या पोरांना कुणी न सांगता कळलं.

निरीक्षक सरांचा शेरा: ‘तंत्रज्ञानाचा वापर आढळला नाही. पीपीटी आवश्यक.’

मी भांडले. सर म्हणाले, मोबाईल हे शैक्षणिक साधन नव्हे. आणि हेच सर आम्हाला टीपॅक शिकवायचे! मिश्रा आणि कोहलर यांचं २००६चं मॉडेल, तुम्हालाही असेलच, आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांच्या ज्ञानाची एकमेकांवर चढलेली तीन वर्तुळं. मी विचारलं, सर, त्या तिन्हींच्या मधला भाग म्हणजे आज वर्गात झालं तेच ना? तर म्हणाले, ते परीक्षेत लिहा. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं, आयसीटी वेगळा विषय म्हणून आला, आणि वेगळा आल्यामुळेच मेथडच्या तासाला त्याची कुणाला आठवण होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तर तुमची यादी. ट्रॅकर, व्हिडिओवरून मोजायचं वरचंच काम नीट करतं, आलेखासकट, फुकट आहे. फायफॉक्स, आखेन विद्यापीठाचं अ‍ॅप, फोनमधले सेन्सर मोजायला वापरतं, आवाजाचा धडा असेल तर आधी हेच. आणि फेट, कोलोराडो विद्यापीठाची सिम्युलेशन्स, नोबेलवाले कार्ल वाईमन यांनी २००२मध्ये सुरू केलेली. मराठीतही आहेत, डाऊनलोड करून ठेवली की नेट लागत नाही.

पण फेटवरचं सर्किट आधी दाखवू नका. तिथे वायर कधी सैल होत नाही, सेल उतरत नाही, बल्ब लगेच पेटतो. खऱ्या सर्किटमध्ये बल्ब पेटला नाही की पोरं शोधाशोध करतात, शिक्षण तिथे होतं. आधी हातात सेल आणि वायर, मग स्क्रीन.

अर्थात हे सगळ्याला लागू नाही. वायूचे रेणू, अणूची रचना, ग्रहांच्या कक्षा हातात धरता येत नाहीत, तिथे सिम्युलेशनच बरं. आणि पीपीटीही अगदीच टाकाऊ नाही, पेशीचा चांगला फोटो मोठा करून दाखवायला मीही वापरते. व्हिडिओ घ्याल तेव्हा मुलांचे चेहरे फ्रेममध्ये येऊ देऊ नका, पालक विचारतात आणि बरोबर विचारतात.

शेऱ्याचे मार्क हवे असतील तर चार स्लाईड्स पेनड्राईव्हवर असू द्या. निरीक्षक दारात दिसले की लावायच्या, गेले की चेंडू काढायचा.